धरणसाठ्याच्या चौकटीत शेवटच्या नळाचा क्लोरीनही छापावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या दिवसांत जायकवाडी, मांजरा, येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी या प्रकल्पांत किती टक्के पाणीसाठा झाला, हे सांगणारी छोटी चौकट आपल्या दैनिकात येते आणि मराठवाड्यातील बहुतेक वाचक आधी तीच पाहतात. त्याच चौकटीच्या शेजारी आणखी एक आकडा नियमितपणे छापावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या दिवशी ज्या गावाला किंवा वसाहतीला पाणी सुटले, त्या दिवशी नळवाहिनीच्या अगदी टोकाच्या घरी पाण्यात किती क्लोरीन शिल्लक होता, तो हा आकडा. धरणात पाणी किती आहे हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते घरात पोहोचले तेव्हा त्यात रोगजंतू जिवंत होते की नव्हते, हे मात्र उलट्या-जुलाबांची साथ आल्यानंतर चर्चेला येते.

साथीची बातमी दरवर्षी जवळपास एकाच साच्यात येते. अमुक गावात दूषित पाण्यामुळे इतक्या जणांना बाधा झाली, आरोग्य पथक दाखल झाले, पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस म्हणून मी त्याचे एक कारण सांगू शकतो. पाण्याची जिवाणू तपासणी ही वेळ घेणारी गोष्ट आहे. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला आणि आज ई. कोलाय या नावाने ओळखला जाणारा जिवाणू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, पण तो पाण्यात सापडला म्हणजे त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे असा निष्कर्ष निघतो. म्हणूनच पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. तो आहे की नाही हे पाहायचे, तर नमुना उबवणी यंत्रात ठेवून जिवाणू वाढण्याची वाट पाहावी लागते आणि त्यात एक ते दोन दिवस जातात. गावपातळीवर वापरल्या जाणाऱ्या, दूषित पाणी काळे पाडणाऱ्या एच-टू-एस चाचणीच्या बाटलीतले पाणी काळे पडायलाही साधारण तेवढाच अवधी लागतो. बाटली काळी पडेपर्यंत त्या नळाचे पाणी सगळ्या गल्लीने पिऊन झालेले असते.

क्लोरीनची तपासणी मात्र मिनिटाभरात होते. नळाचे पाणी छोट्या नळीत घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि येणारा पिवळा रंग क्लोरोस्कोपवरील पट्टीशी लगेच ताडून पाहायचा. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक हिलाच ओटी टेस्ट म्हणतात. हे रसायन अंगाला लागणे चांगले नसल्यामुळे अलीकडे डीपीडी गोळीची गुलाबी रंग देणारी चाचणी अधिक पसंत केली जाते. पण चाचणी कोणतीही असली तरी उत्तर तिथल्या तिथे मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा, आणि तो ग्राहकाच्या टोकाशी मोजावा, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे तो बहुधा जलकुंभाखाली किंवा पहिल्या चौकातल्या नळावर मोजला जातो आणि नोंदवहीत तेवढाच लिहिला जातो. मानकातील हा ग्राहकाच्या टोकाचा नियम पाळला गेला असता, तर मला हे पत्र लिहिण्याचे कारण उरले नसते.

शेवटच्या नळाचा आग्रह का धरायचा, हे समजण्यासाठी क्लोरीन वाटेत कुठे कुठे खर्च होतो ते पाहावे लागेल. सुरुवात पावडरीपासूनच होते. ताज्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, त्याला ओल लागली किंवा ते उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत पडून राहिले, की हे प्रमाण झपाट्याने उतरते. १ लाख लिटरच्या टाकीत ५०० ग्रॅम ताजी पावडर टाकली, तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडा अधिक क्लोरीन मिळतो. पावडरीची ताकद १० टक्क्यांवर आलेली असेल, तर त्याच ५०० ग्रॅममधून लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळेल, आणि नोंदवहीत मात्र दोन्ही दिवशी ‘५०० ग्रॅम’ असेच लिहिलेले असेल. त्यातही पावडर बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ द्रावण टाकीत सोडण्याऐवजी ती फडक्यात बांधून टाकीत टाकून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे तळाशी चुना साचतो आणि वरच्या पाण्यात क्लोरीन फारसा मिसळतच नाही.

पुढे पाण्यातला गाळ, शेवाळ, लोह आणि कुजलेला पालापाचोळा आपला वाटा आधी घेतात. त्यांची भूक भागल्यानंतर जो क्लोरीन उरतो तोच जिवाणूंच्या वाट्याला येतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते, ते जिवाणूच्या भित्तिकेतून आत शिरते आणि त्याची जीवनक्रिया बंद पाडते. यासाठी निदान अर्धा तास मिळाला पाहिजे. एका हाताने पावडर टाकून दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह उघडला, तर जवळच्या घरांना नुसता वास मिळतो आणि संरक्षण मात्र मिळत नाही. या वासाबद्दल येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाण्याला औषधाचा वास आला की लोक तक्रार करतात, चहा बिघडला म्हणतात, जलसुरक्षकाला चार शब्द ऐकवतात आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी पावडर निम्मी करतो. पाण्याला वास आला म्हणून भांडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण वास आला नाही म्हणून विचारायला आलेला माणूस पाहिल्याचे आठवत नाही. अशा वातावरणात पावडर कमी पडली, तर सगळा दोष त्या एकट्याच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही.

मराठवाड्यातील खरा धोका मात्र वाहिनीत आहे. आपल्या शहरांत आणि मोठ्या गावांत पाणी रोज येत नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, जालना येथील कित्येक वसाहतींनी अनेक दिवसांच्या खंडानंतर येणारे पाणी वर्षानुवर्षे भोगले आहे. पाणी चालू असताना वाहिनीत दाब असतो आणि फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की तो दाब नाहीसा होतो आणि तोच सांधा बाहेरचे पाणी आत घेऊ लागतो. घरगुती नळजोडण्या नालीतून किंवा नालीच्या काठाने टाकलेल्या असतात, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत सांडपाणी साचलेले असते, आणि पाणी सुटताच प्रत्येक घर थेट वाहिनीला टिल्लू पंप लावून ओढू लागते, त्यामुळे नालीतले पाणी आत खेचले जाण्याला आणखी बळ मिळते. जलकुंभाखाली उत्तम असलेले पाणी शेवटच्या गल्लीत असे बिघडते. तेथे क्लोरीन शून्य आला, तर त्याचा अर्थ केवळ औषध कमी पडले असा घेऊन चालणार नाही. मधे कुठे तरी घाण आत येऊन तिने क्लोरीन संपवला असण्याची ती पहिली खूण असू शकते. त्यामुळे या आकड्यावरून वाहिनीच्या तब्येतीचाही अंदाज येतो.

उन्हाळ्यात टँकर लागलेल्या गावांत तर हा हिशेब आणखी बिघडतो. टँकरमध्ये क्लोरीन टाकला जातो हे मान्य. पण साठवणीची दुसरी सोय नसल्यामुळे अनेक ठिकाणी तो टँकर गावच्या कोरड्या विहिरीत रिकामा केला जातो आणि मग पोहरे, दोर आणि हात त्या पाण्यात उतरतात. तळातल्या गाळात क्लोरीन किती वेळ टिकणार? ज्यांना परवडते ते जारचे पाणी घेतात. ते थंड आणि नितळ असते, म्हणून शुद्ध समजले जाते. वास्तविक आरओ प्रक्रियेत पाण्यातला क्लोरीन काढून टाकला जातो आणि पुढे जार धुणारा हात, उघडी टाकी किंवा मळकी तोटी यांपासून त्याला कोणतेच संरक्षण उरत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि पाण्याच्या इतर स्रोतांबरोबर खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यावरही प्रश्नचिन्ह लागले. आपल्याकडे जारच्या पाण्यावर त्याहून अधिक भिस्त आहे, पण ते पाणी तपासले जाते की नाही याची फारशी विचारपूस होत नाही.

आता या सगळ्याचा रोगाशी संबंध. वाहिनीत एकाच दिवशी शिरलेली घाण गावात निरनिराळ्या तारखांना प्रकट होते, आणि म्हणूनच आपल्याला ती एकच घटना आहे हे ओळखता येत नाही. कॉलऱ्याचा जिवाणू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाचेक दिवसांत लक्षणे दाखवतो. विषमज्वर म्हणजे टायफॉइड साधारण एक ते तीन आठवड्यांनी अंगात भरतो. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ दोन ते आठ आठवडे घेते. म्हणजे जुलैच्या आरंभी फुटलेल्या सांध्यामुळे त्याच आठवड्यात जुलाब होतील, महिन्याच्या उत्तरार्धात तापाचे रुग्ण दवाखान्यात बसतील आणि ऑगस्टमध्ये कावीळ दिसू लागेल. तोवर सांधा दुरुस्त झालेला असेल, त्यावर रस्ताही झालेला असेल आणि कावीळ कशामुळे झाली हे विचारले तर लोक उसाच्या रसाकडे बोट दाखवतील. त्या आठवड्यातील शेवटच्या नळाचा आकडा कुठे छापलेला असेल, तर मागे जाऊन पडताळा घेता येईल.

जंतूंचे स्वभावही सारखे नसतात. रॉबर्ट कॉख यांना १८८४ मध्ये कोलकात्याच्या एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचे वाकडे जिवाणू सापडले. पण तो जिवाणू आतड्याला जखम न करता इतके पाणी कसे बाहेर काढतो, याचे उत्तर त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये त्याचे विष दाखवून दिले. जठरातील आम्ल या जिवाणूचा बराच नाश करते, म्हणून निरोगी माणसाला लागण होण्यासाठी तो फार मोठ्या संख्येने पोटात जावा लागतो. रक्तमिश्रित जुलाब करणाऱ्या शिगेलाचे मात्र दहा ते शंभर जिवाणूही पुरतात, त्यामुळे तेथे थोड्याशा गळतीलाही क्षमा नाही. टायफॉइडचा जिवाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे मुक्काम करू शकतो आणि त्याच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येऊ शकतो. त्यावर प्रभावी लस आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी तिची मोहीमही राबवली. आपल्याकडे मात्र अजूनही विडाल या रक्तचाचणीच्या एका चिठ्ठीवर टायफॉइडचे निदान होते, प्रतिजैविके सुरू होतात, आणि खरा जंतू कोणता होता हे कायमचे अज्ञात राहते. साथीच्या गावात पहिल्या काही रुग्णांचे शौचनमुने प्रतिजैविक देण्याआधी घेऊन जंतू टिकवून ठेवणाऱ्या योग्य वाहक माध्यमात घालून प्रयोगशाळेत पाठवले, तर तेवढ्यावर पुष्कळ कळते. उपचार त्यासाठी थांबवण्याची गरज नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले होते.

क्लोरीन म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा, असे मला म्हणायचे नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले, तेव्हा क्लोरीन वाढवण्यात आला होता आणि त्यामुळे जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत. तरीही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विषाणू त्या मात्रेतून निसटला. तो हिपॅटायटिस ईचा होता, हे पुढे ठरले, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हीच कावीळ बाईच्या जिवावर बेतते. विषाणूंसाठी मानकाने ०.५ मिलिग्रॅमची वेगळी अट घातली आहे, ती दिल्लीसारखे प्रसंग पाहता मला योग्यच वाटते. अमिबाच्या कवचधारी पुटीला क्लोरीनची नेहमीची मात्रा पुरत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर त्याला जवळजवळ दाद देत नाही. तेथे पाणी गाळणे आणि उकळणे हाच मार्ग. केवळ पाण्याची काळजी घेऊन रोग घालवता येतो, याचा पुरावा शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरींतून आणि बारवांतून पसरणारा नारू हा कृमीचा रोग महाराष्ट्रासह सात राज्यांत होता. त्यावर ना लस होती ना औषध, तरी पाणी गाळून आणि पायऱ्या बंद करून तो संपवला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे मान्य केले.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा, की शून्य आकडा छापून आला तर लोक घाबरतील. जायकवाडी मृतसाठ्यात गेल्याची बातमी वाचूनही लोक घाबरतात, पण त्यामुळे ते पाणी जपून वापरतात. शेवटच्या नळाला क्लोरीन नाही असे कळले, तर त्या गल्लीतील बाई त्या दिवशी पाणी उकळेल किंवा आशाताईकडून क्लोरीनचे थेंब मागून घेईल, आणि माझ्या मते या भीतीचा एवढा उपयोग पुरेसा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा वाघिणी किती आणि लिटर किती, हे आपण सर्वांनी उत्सुकतेने मोजले होते. त्या मोजणीने कोणाचे नुकसान झाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडा छापायचा ठरला की कार्यालयात बसून ०.५ लिहिला जाईल, असे लोक म्हणतील, आणि आपल्या नोंदवह्यांचा इतिहास पाहता ते चूक म्हणता येत नाही. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड दिले जाते. ती पद्धत चांगली आहे, परंतु सहा महिन्यांतून एकदा मिळणाऱ्या हिरव्या कार्डाने जुलैतल्या एखाद्या मंगळवारचे पाणी सुरक्षित होत नाही. यावर उपाय आधीच अस्तित्वात आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. ज्यांच्या घरी ते पाणी प्यायले जाते, त्यांनीच पाणी सुटल्यानंतर टोकाच्या घरी जाऊन रंग पाहावा, आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर तारीख व घराच्या गल्लीसह लिहावा आणि त्या फलकाचे छायाचित्र आपल्या वार्ताहराकडे पाठवावे. शहरात हेच काम प्रभागातील शाळांच्या विज्ञान शिक्षकांकडे सोपवता येईल. संचातील रसायन संपले की तो कपाटात जातो, हा सर्वत्र येणारा अनुभव असल्यामुळे रसायनाच्या बाटलीची तरतूद टीसीएल पावडरीच्या खरेदीबरोबरच व्हावी, एवढे मात्र जिल्हा परिषदांनी पाहावे.

आरंभ सर्व आठ जिल्ह्यांत एकदम करण्याची गरज नाही. पहिल्या जोरदार पावसानंतरचे चार आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात, कारण उन्हाळाभर नाल्यांत आणि शेताच्या बांधांवर साचलेली घाण त्याच वेळी विहिरींत व फुटक्या सांध्यांत उतरते आणि गढूळ पाण्यात क्लोरीनही लवकर संपतो. आपल्या प्रत्येक तालुका वार्ताहराने त्या चार आठवड्यांत आपल्या भागातील एकाच गावाचा शेवटचा नळ निवडावा आणि त्याचा आकडा आठवड्यातून दोनदा कळवावा. ज्या गावाने आकडा दिला नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. परभणी